आड भरलेला, पोहरा रिकामा

आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, असे आपण म्हणतो. झारखंडच्या बाबतीत ही म्हण उलटी लागू पडते. तेथे आडात अमाप आहे. पोहरा मात्र रिकामाच वर येतो. देशातील दगडी कोळशाच्या ज्ञात साठ्यांपैकी सुमारे चतुर्थांश साठा या एका राज्यात आहे. सिंहभूमचे लोहखनिज, घाटशिला परिसरातील तांबे, लोहरदग्याचे बॉक्साइट, जादुगुड्याचे युरेनियम आणि एके काळी जगभर नावाजलेला कोडरम्याचा अभ्रक ही यादी विद्यार्थी भूगोलाच्या पुस्तकातून पाठ करतात. परंतु नीती आयोगाने प्रसिद्ध केलेल्या बहुआयामी दारिद्र्याच्या मोजणीत २०१९-२१ या काळात झारखंडमधील २८.८१ टक्के लोक दरिद्री ठरले. देशाचे प्रमाण त्या वेळी १४.९६ टक्के होते. त्या यादीत झारखंडपेक्षा वाईट स्थिती एकट्या बिहारची होती. भूगोलाच्या तासाला पहिल्या बाकावर बसणारे हे राज्य अर्थशास्त्राच्या तासाला शेवटच्या बाकावर का जाते?

तेथील समाज मागासलेला आणि पुढारी भ्रष्ट, असे या प्रश्नाचे सोपे उत्तर दिले जाते. या उत्तराने आपली सुटका होते, म्हणून ते लोकप्रियही आहे. इतिहास मात्र निराळी साक्ष देतो.

हिऱ्यांपासून कोळशापर्यंत

या भूमीतील खनिजासाठी बाहेरच्यांनी धाव घेण्याची परंपरा जुनी आहे. जहांगीर बादशहाने आपल्या आत्मचरित्रात खोखरा प्रदेशातील नदीत सापडणाऱ्या हिऱ्यांचा उल्लेख केला आहे. त्यांच्या लोभाने सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बिहारच्या सुभेदाराने स्वारी केली आणि छोटानागपूरचा राजा दुर्जनसाल कैद झाला. पुढे इंग्रजी अमलात जमीनच विक्रीची वस्तू बनली. जंगल तोडून ज्या कुळाने गाव वसविले, त्या कुळाची त्या जमिनीवर सामायिक मालकी, ही मुंडांची खुंटकट्टीची रीत होती. जमीनदार, ठेकेदार आणि सावकार यांनी ती मोडीत काढली. त्याविरुद्ध १८३१-३२ मध्ये कोलांनी, १८५५ मध्ये सिदो आणि कान्हू यांच्या नेतृत्वाखाली संथाळांनी व १८९९-१९०० मध्ये बिरसा मुंडांच्या अनुयायांनी उठाव केले. बिरसा जून १९०० मध्ये रांचीच्या तुरुंगात मरण पावले. उठाव चिरडले गेले, तरी आदिवासींच्या जमिनीच्या हस्तांतरावर बंधने घालणारा छोटानागपूर कुळकायदा सरकारला १९०८ मध्ये करावा लागला. ज्या समाजाला आपण मागासलेला म्हणतो, त्याने आपला हक्क ओळखून त्यासाठी प्राण वेचले होते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

परंतु या कायद्याने रक्षण केले ते जमिनीच्या पृष्ठभागाचे. पोटातील धनापुढे ते टिकले नाही. खाणींसाठी, धरणांसाठी, कारखान्यांसाठी भूसंपादनाचे कायदे होते. कोळशासाठी तर १९५७ मध्ये स्वतंत्र संपादन कायदा झाला.

आपला हिशेब

या कथेशी महाराष्ट्राचा संबंध आहे आणि तो केवळ सहानुभूतीचा नाही. जमशेटजी टाटांची पोलादाच्या कारखान्यासाठी पहिली नजर गेली होती ती आपल्या चांदा जिल्ह्यातील लोहाऱ्याच्या लोहखनिजाकडे. वरोऱ्याचा कोळसा त्या कामी उपयोगी पडला नाही, म्हणून शोध पूर्वेकडे वळला. १९०७ मध्ये मुंबईत कंपनी स्थापन झाली, स्वदेशीच्या उत्साहात भागभांडवल उभे राहिले आणि १९१२ मध्ये साकची येथे पहिले पोलाद निघाले. तेच आजचे जमशेदपूर.

स्वातंत्र्यानंतर सिंद्रीचा खतकारखाना, दामोदर खोऱ्यातील धरणे, हटियाचे अवजड यंत्रांचे कारखाने, बोकारोचे पोलाद असे मोठमोठे प्रकल्प याच पठारावर उभे राहिले. असे असता भोवताली लहान-मध्यम उद्योगांचे जाळे का विणले गेले नाही? याची कारणे अनेक आहेत. त्यांतील एक दिल्लीच्या धोरणात आहे. १९५६ पासून पोलादाच्या वाहतूक खर्चाचे समानीकरण झाले. जमशेदपूरचे पोलाद जमशेदपूरच्या शेजारी ज्या भावाने मिळे, त्याच भावाने ते मुंबई-पुण्यास मिळू लागले. उद्योग देशभर पसरावेत हा हेतू वाईट नव्हता. परंतु खनिजाच्या सान्निध्याचा जो एकमेव लाभ त्या प्रदेशाला निसर्गाने दिला होता, तो एका आदेशाने पुसला गेला. मग कारखानदार बंदर, बाजारपेठ आणि भांडवल जेथे होते तेथेच थांबला. कापूस पिकविणाऱ्या प्रदेशांचा लाभ असा कोणी समान वाटून घेतला नाही. १९९२ मध्ये पोलादाचे हे समानीकरण संपले, पण तोवर छत्तीस वर्षे लोटली होती. आपल्या औद्योगिक वैभवात आपल्या कर्तृत्वाचा वाटा मोठा आहेच. त्यात झारखंडने सोसलेल्या तोट्याचाही वाटा आहे, हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

येथे सखाराम गणेश देऊस्करांची आठवण होते. मराठी घराण्यातील हा बंगाली लेखक १८६९ मध्ये आजच्या झारखंडातील देवघरजवळ जन्मला. परक्या राज्यात देशाची संपत्ती कशी बाहेर वाहून जाते, हे त्यांनी ‘देशेर कथा’ या १९०४ च्या ग्रंथात मांडले. सरकारने १९१० मध्ये त्यावर बंदी घातली. त्यांच्याच जन्मभूमीतून स्वराज्यातही संपत्तीचा ओघ बाहेर वाहत राहिला. मागे काय उरले? झरियाच्या कोळशावर देशाच्या भट्ट्या पेटल्या. त्या झरियाच्या पोटात १९१६ मध्ये प्रथम आढळलेली आग अजून विझलेली नाही. आणि माणसे? एके काळी ती आसामच्या चहामळ्यांत गेली. २०२० च्या टाळेबंदीत अडकलेल्या श्रमिकांना घेऊन १ मे रोजी जी पहिली विशेष गाडी निघाली, ती तेलंगणातील लिंगमपल्लीहून झारखंडमधील हटियाला. जेथे देशाच्या कारखान्यांसाठी यंत्रे घडविण्याची योजना होती, तेथे पोटासाठी परमुलखात गेलेले मजूर परत उतरत होते.

राज्य मिळाले, पुढे काय?

जयपालसिंह मुंडा यांच्या झारखंड पक्षाने १९५२ च्या निवडणुकीत बिहार विधानसभेत ३२ जागा मिळविल्या, तरीही स्वतंत्र राज्य मिळण्यास १५ नोव्हेंबर २००० उजाडावे लागले. तो बिरसांचा जन्मदिवस. पण राज्य मिळाले म्हणजे कारभार मिळाला असे नव्हे. २००९ ते २०१३ या अवघ्या काळात तेथे तीनदा राष्ट्रपती राजवट आली; पूर्ण पाच वर्षे टिकणारे पहिले सरकार २०१४ मध्ये अधिकारावर आले. या दोषाची जबाबदारी तेथील पुढाऱ्यांचीच आहे. ती दिल्लीवर ढकलता येणार नाही. २०१५-१६ मध्ये दारिद्र्याचे प्रमाण ४२.१६ टक्के होते, ते पुढे घटले, ही जमेची बाजूही नोंदविली पाहिजे.

आता एक नवी संधी आली आहे. खनिजावरील स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, हा कर नव्हे आणि खनिज-हक्कांवर कर बसविण्याचा अधिकार राज्यांना आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २५ जुलै २०२४ रोजी आठ विरुद्ध एक मताने दिला. ज्या खटल्यातून तो आला, त्यातील एक पक्ष झारखंडचेच खनिजक्षेत्र विकास प्राधिकरण होते. १ एप्रिल २००५ पासूनची थकबाकी १ एप्रिल २०२६ पासून बारा वर्षांच्या हप्त्यांत घेण्याची मुभाही नंतर देण्यात आली.

येथेच धोका आहे. खनिज हे पीक नव्हे; ते एकदा काढले की पुन्हा उगवत नाही. म्हणून त्याची रक्कम हे उत्पन्न नसून विकलेल्या मालमत्तेचे मोल आहे. शेत विकून आलेल्या पैशावर जो घर चालवितो, त्याची मुले भूमिहीन होतात. हा पैसा अनुदानांच्या घोषणांत आणि नोकरशाहीच्या खर्चात विरला, तर खाणी संपतील त्या दिवशी तेथे खड्डे तेवढे उरतील. शाळा, सिंचन, आरोग्य आणि कौशल्य यांत तो गुंतविला व त्याच्या विनियोगात ग्रामसभांचा शब्द चालला, तरच जमिनीखालच्या भांडवलाचे जमिनीवरच्या माणसांत रूपांतर होईल. खाण-जिल्ह्यांसाठी २०१५ मध्ये कायद्याने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने निर्माण झाली, ती याच विचाराने. त्यांचा हिशेब लोकांपुढे दरवर्षी मांडला गेला पाहिजे.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा मानण्याचे कारण नाही. चंद्रपुरात कोळसा निघतो, गडचिरोलीत सुरजागडच्या डोंगरातून लोहखनिज बाहेर पडत आहे. तेथील पोहऱ्यात काय पडते, हे पाहण्याची जबाबदारी तरी आपलीच आहे.