कर्मचारी-नोंदींची कालवैधता

‘अमुक व्यक्ती लेखा विभागात आहे’ या वाक्यावरून ती व्यक्ती तेथे केव्हापासून आहे व केव्हापर्यंत राहील, याचा बोध होत नाही. व्यवहारात ही संदिग्धता खपते. संगणकीय कर्मचारी-नोंदीत ती खपत नाही, कारण वेतनाचा हिशेब दिनांकांवर अवलंबून असतो. म्हणूनच एसएपी या जर्मन कंपनीच्या मनुष्यबळ-व्यवस्थापन प्रणालीत अशा प्रत्येक नोंदीला आरंभदिनांक व अंतदिनांक जोडलेला असतो. शेवट ठाऊक नसल्यास ३१ डिसेंबर ९९९९ हा दिनांक लिहिला जातो. ‘पुढील बदल होईपर्यंत’ एवढाच त्याचा अर्थ होय.

एकाच प्रकारच्या दोन नोंदींचा परस्परांशी कालसंबंध कसा असावा, हे ठरविणारे नियम मुख्यतः तीन आहेत. पहिल्या नियमात खंडही चालत नाही आणि आच्छादनही चालत नाही. विभागनियुक्ती व मूळ वेतन या नोंदी त्यात मोडतात, कारण सेवेतील माणूस एक दिवसही विभागावाचून असू शकत नाही. दुसऱ्या नियमात खंड चालतो, आच्छादन मात्र नाही. वैवाहिक जोडीदाराची नोंद सामान्यतः अशी असते. तिसऱ्यात दोन्ही चालतात. अपत्ये एकाच काळी अनेक असू शकतात, हे त्याचे सोपे उदाहरण.

यावरून दिसेल की, हे नियम केवळ तांत्रिक नाहीत. वस्तुस्थिती अखंड आहे की खंडित, एक आहे की अनेक, याविषयीचे ते विधान आहे. जोडीदार एका वेळी एकच, हा तर संगणकाचा नव्हे, विवाहविषयक कायद्याचा सिद्धान्त आहे.

नियमांची खरी कसोटी बदलाच्या वेळी लागते. समजा, १ एप्रिल २०२० पासून चालत आलेले मूळ वेतन १ जुलै २०२४ पासून वाढले. नवी नोंद केल्यास प्रणाली जुन्या नोंदीचा अंतदिनांक आपोआप ३० जून २०२४ करते व इतिहास शाबूत राहतो. परंतु नवी नोंद न करता जुन्याच नोंदीतील रक्कम बदलली, तर वाढीव वेतन २०२० पासूनच लागू होते असा अर्थ होतो. प्रणाली मागील महिन्यांचा फेरहिशेब, अनुमत मर्यादेपर्यंत, करू लागते आणि देय नसलेली रक्कम देय ठरते.

येथे कोणताही कालनियम मोडलेला नसतो. खंड नाही, आच्छादन नाही. तरीही नोंद असत्य आहे. चूक दुरुस्त करणे आणि बदल नोंदविणे या दोन भिन्न क्रिया आहेत, आणि त्यांतील भेद नियमाला कळत नाही. नियम नोंदींच्या रचनेचे रक्षण करतो. सत्याची जबाबदारी नोंद करणाऱ्यावरच राहते.