भयकथा, मराठी

भय, गूढ आणि अतिमानुष घटना यांना प्रधान स्थान देणारा लोकप्रिय कथाप्रकार. मराठीत तो प्रामुख्याने मासिके, दिवाळी अंक व फिरत्या वाचनालयांकरिता छापलेल्या स्वस्त कादंबऱ्या यांच्या आश्रयाने वाढला. चमत्कारिक विज्ञानावर रचलेल्या कथाही प्रारंभी त्याच पानांवर येत आणि दोहोंतील सीमारेषा वाचकाला फारशी जाणवत नसे.

अमेरिकेत अशा कथांना लाकडाच्या लगद्याच्या हलक्या कागदावर छापलेल्या ‘पल्प’ मासिकांनी वाचक मिळवून दिला. वीअर्ड टेल्स (१९२३) भयकथांसाठी, तर ह्यूगो गर्न्सबॅकचे अमेझिंग स्टोरीज (१९२६) विज्ञानकथांसाठी प्रसिद्ध होते. वीअर्ड टेल्समधील एच. पी. लव्हक्राफ्ट (१८९०–१९३७) याच्या कथांतील भय मृतात्म्याचे नाही. ज्यांच्या लेखी मानवजात नगण्य आहे, अशा विश्वबाह्य शक्तींचे आहे.

मराठी लोकपरंपरेतील भूत याच्या अगदी उलट, पूर्णतः सामाजिक आहे. त्याला जात, वय, मरणाचे कारण व वस्तीची जागा असते. मुंज होऊन सोडमुंजीपूर्वी मेलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर राहतो; बाळंतपणात मेलेली स्त्री हडळ होते; गिऱ्हा पाण्यात ओढतो; चकवा रात्रीच्या वाटसरूला एकाच जागी फिरवत ठेवतो; कोकणगोव्यातला देवचार तर मान राखल्यास गावाची राखणही करतो. उपद्रव माहीत, तसा उताराही माहीत. अशा हिशेबी भुतांवर आधुनिक भयकथा उभी करणे सोपे नव्हते.

विसाव्या शतकाच्या आरंभी गो. ना. दातार यांनी रेनल्ड्झच्या कादंबऱ्यांची रूपांतरे करून भुयारे, कारस्थाने व रहस्ये यांची गोडी लावली. केरळकोकिळ मासिकातून ज्यूल व्हेर्नची चंद्रयात्रा मराठीत आली. पुढे बाबूराव अर्नाळकर (मृ. १९९६) यांनी झुंजार, काळापहाड इ. नायकांच्या हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांत भूत दिसले, तरी बहुधा अखेरीस ते मुखवटा चढवलेला माणूस ठरे. अनंत अंतरकर (१९११–६६) यांच्या नवल मासिकाने मात्र अद्भुताला अखेरपर्यंत अद्भुतच राहू दिले. मराठी भयकथेच्या दृष्टीने ही घटना महत्त्वाची होय.

या प्रकाराचे सर्वांत प्रभावी लेखक नारायण धारप (१९२५–२००८) हे होत. मुठेकाठच्या पुणे शहरात त्यांचे दीर्घकाळ वास्तव्य होते. लव्हक्राफ्टप्रमाणे त्यांच्याकडेही दुष्ट शक्ती मानवी जगाच्या बाहेरून येते. परंतु ती शिरते ती मध्यमवर्गीय बिऱ्हाडात. जुना वाडा, वारशाने आलेली पेटी, नोकरीनिमित्त भाड्याने घेतलेली जागा अशा परिचित वस्तूंपासून कथा सुरू होते. तिचा प्रतिकार करण्यास समर्थ हा त्यांचा मानसपुत्र ज्ञान, मनोबल व ओंकार घेऊन उभा असतो. समर्थ आला की वाचकाला धीर येतो, हे या कथांच्या लोकप्रियतेचे कारण आणि त्यांची मर्यादाही. त्याच्याविना लिहिलेल्या कथांत भय अधिक काळ टिकते. नेनचिमसारखी विज्ञानकादंबरीही त्यांच्या नावावर आहे.

धारपांच्या काही कृती स्टीफन किंगच्या कथांवर बेतलेल्या आहेत. लुचाई ही सेलम्स लॉट (१९७५) या कादंबरीवर, तर ‘आजी’ ही ‘ग्रॅमा’ (१९८४) या कथेवर आधारलेली आहे. मूळ कृतीचा उल्लेख न करता रूपांतर करण्याचा प्रघात मराठी लोकप्रिय कथेत जुना असून तो समर्थनीय नाही. तथापि निव्वळ उसनवारी म्हणून या कथा बाजूला सारल्यास, परके भय मराठी माजघरात कसे बसवले गेले हा खरा वाङ्मयीन प्रश्न सुटून जातो. ‘आजी’चे पुढचे रूप तुंबाड (२०१८) या हिंदी चित्रपटात दिसते, त्याचे नाव मात्र श्री. ना. पेंडसे यांच्या तुंबाडचे खोत या कादंबरीवरून आले.

रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी ‘गूढकथा’ हे नाव रूढ केले. खेकडा व इतर संग्रहांतील त्यांच्या कथांत भुतापेक्षा माणसाचे मन अधिक भयावह ठरते. विज्ञानकथेने याच सुमारास वेगळी वाट धरली. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत १९७४ साली जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांची ‘कृष्णविवर’ ही टोपणनावाने पाठविलेली कथा पहिली आली आणि विज्ञानकथेला विद्वत्समाजात प्रतिष्ठा लाभली. भयकथेला ती मिळाली नाही. ती अंधश्रद्धा वाढवते हा आक्षेप नेहमीचा आहे. पण भाडे भरून आणलेले भय दुसऱ्या दिवशी वाचनालयात परत करणारा वाचक मांत्रिकाकडे जाईलच असे नाही.

या साहित्याचा अभ्यास कठीण होण्याचे एक कारण कागद हेच आहे. लगद्यातील लिग्निन व आम्ल यांमुळे अशी पाने तांबूस होऊन तुटतात. फिरत्या वाचनालयांनी प्रती जाड दोऱ्याने शिवल्या, मुखपृष्ठे बदलली, फाटल्यावर रद्दीत घातल्या. दूरचित्रवाणीच्या प्रसारानंतर ही वाचनालयेही मोठ्या प्रमाणावर बंद पडली. पुनर्मुद्रण झाले ते मुख्यत्वे धारप, मतकरी यांसारख्या खपणाऱ्या लेखकांचे. ग्रंथरूपाने निघालेल्या कथेवर ती प्रथम कोणत्या मासिकात व कधी आली याची नोंद पुष्कळदा नसते. मासिकाचा अंक नष्ट झाला की कोणी कोणाचे, केव्हा घेतले हे ठरविण्याचा पुरावाही त्याच्याबरोबर जातो.