फळवाटप पुरे झाले, हक्काचे बोला

एप्रिल जवळ आला की वस्तीवस्तीत जयंतीच्या बैठका सुरू होतात. वर्गणी, मंडप, मिरवणूक, भोजनदान, वक्ते कोण बोलवायचे, हे सगळे ठरले की रात्री अकराच्या सुमारास कोणीतरी जांभई देत म्हणतो, "काही सामाजिक पण ठेवा ना." मग वहीत एक ओळ वाढते: सकाळी दहा वाजता सरकारी दवाखान्यात रुग्णांना फळवाटप. अशा बैठकांत मी वीसेक वर्षे बसतो आहे आणि या ओळीसाठी माझाही हात वर गेलेला आहे. तेव्हा आज जे लिहितो आहे ते दुसऱ्या कोणाला नावे ठेवण्यासाठी नाही.

काही वर्षांपूर्वीची १४ एप्रिलची सकाळ. महिला वॉर्डात आम्ही पंधरा-वीस जण, निळे दुपट्टे, हातात बॅनर, दोन टोपल्या केळी. एका खाटेवर सोळा-सतरा वर्षांची मुलगी सलाईन लावून पडलेली. डोळे पिवळे, गुडघे पोटाशी घेतलेले. सिकलसेलचा त्रास उठला होता. आमच्या फोटोवाल्याने तिला उठून बसायला सांगितले आणि केळे जरा वर धरायला लावले. तिने धरले. फोटो झाल्यावर ती मला हळूच म्हणाली, "साहेब, मले केळं नको जी. गोळ्या बाहेरून आणाले सांगतल्या, त्या भेटतीन का?" माझ्याकडे उत्तर नव्हते. पुढच्या खाटेवर आमचे अध्यक्ष वाट पाहत होते.

फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात आला, खाली ओळ होती 'सिकलसेलग्रस्त मुलीस फळे देताना मान्यवर'. आठवड्याने तिचे वडील माझ्या घरी आले. थोरल्या मुलीची सोयरीक जुळत आली होती, पाहुण्यांनी तो पेपर पाहिला आणि निरोप पाठवला की थांबा. वडील भांडायला आले नव्हते. दारात चप्पल काढून उभे राहिले आणि एवढेच विचारले, "वकीलसाहेब, तुमी फोटो काऊन टाकला जी?"

वकिलाला प्रश्नांची सवय असते. हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

सिकलसेल हा आपल्या विदर्भातल्या घराघरांत ठाऊक असलेला आजार. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात आदिवासी आणि बौद्ध समाजात तो मोठ्या प्रमाणावर आहे. सिकल म्हणजे विळा. रक्तातल्या गोल, लवचिक तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि कडक होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मग हाडे फुटल्यासारख्या वेदना होतात. पेशी लवकर मरतात म्हणून रक्त कमी, अंगात सतत थकवा. थंडी, ताप, अतिश्रम किंवा पाणी कमी पडले तरी त्रास उठतो. असे मूल शाळेत मागच्या बाकावर डोके टेकून बसले की गुरुजी म्हणतात आळशी, घरचे म्हणतात अंगचोर. त्याला वरचेवर पाणी प्यावे लागते आणि तासाला तहान लागली तर परवानगी मिळत नाही. पाण्यासाठी परवानगी मागणे म्हणजे काय, हे चवदार तळ्याच्या वारसांना मी वेगळे सांगायला नको.

दुखणे गोळीने थोडे तरी आवरते. हायड्रॉक्सीयुरिया नावाचे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली नियमित घेतले तर त्रासाचे झटके कमी होतात. पण 'आमच्या रक्तातच दोष आहे' ही जी भावना लहानपणापासून आत बसते, तिला दवाखान्यात औषध नाही. आणि हा शब्द, रक्तातला दोष, आपण पूर्वी कुठे ऐकला आहे? ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला गेला त्यांच्याच नातवंडांना आता विज्ञानाची भाषा वापरून पुन्हा सांगितले जाते की तुमचे रक्त बरोबर नाही. कॉलेजातली मुले म्हणतात, हा 'त्यांच्यातला' रोग. खरे काय आहे ते ऐका. जिथे पिढ्यान् पिढ्या हिवतापाने माणसे मेली, तिथे या जनुकाची एकच प्रत असणारी मुले हिवतापातून अधिक वाचली, म्हणून ते जनुक टिकले. आफ्रिकेत, अरबस्तानात, भूमध्य समुद्राच्या काठी, ओडिशात, छत्तीसगडात, गुजरातेत ते आहे. त्याला विटाळ ठाऊक नाही, डास ठाऊक आहे.

१९३२ च्या पुणे करारानंतर अस्पृश्यतेविरुद्ध एक अखिल भारतीय संस्था निघाली, पुढे तिचे नाव हरिजन सेवक संघ झाले. तिसऱ्या गोलमेज परिषदेला जाताना बोटीवरून १४ नोव्हेंबर १९३२ रोजी बाबासाहेबांनी संस्थेचे चिटणीस ठक्कर यांना सविस्तर पत्र लिहिले. शाळा, वाचनालये, व्यायामशाळा काढून एकेका माणसाला 'सुधारण्या'पेक्षा विहीर, शाळा, चावडी, सार्वजनिक वाहने यांवरच्या नागरी हक्कांसाठी झगडा, आणि काम करणारी माणसे याच वर्गातून घ्या, असे त्याचे म्हणणे होते. त्या पत्राची साधी पोचही आली नाही. १९४५ साली काँग्रेस आणि गांधींविषयीच्या ग्रंथात बाबासाहेबांनी हा सगळा व्यवहार मांडला आणि अशी दया माणसाला लाचार कशी करते ते दाखवले. हा ग्रंथ आपण दुसऱ्यांच्या तोंडावर फेकायला वापरतो. त्या वॉर्डातल्या मुलीच्या खाटेजवळ त्या सकाळी ठक्कर कोण होते? निळा दुपट्टा घेतलेले आम्हीच होतो.

धम्मात दान आहे, करुणा आहे, हे मला मान्य. पण तथागतांची ती हकिकत आठवा. एक भिक्खू पोटाच्या आजाराने स्वतःच्या मलमूत्रात पडलेला, आणि तो कोणाच्या उपयोगाचा नाही म्हणून कोणी विचारीत नव्हते. तथागतांनी आधी त्याला काय होते आहे आणि सेवेला कोणी आहे का ते विचारले. मग आनंदाकडून पाणी आणवले, स्वतः ओतले, दोघांनी मिळून त्याला स्वच्छ केले, उचलून खाटेवर ठेवले. आणि मग भिक्खूंना बोलावून विचारणा केली. आधी विचारपूस, मग स्वतःच्या हाताने काम, मग संघाची जबाबदारी. आमच्या फळवाटपात पहिली पायरीच नव्हती. आम्ही तिला काही विचारलेच नाही.

आता कोर्टातले एक प्रकरण सांगतो. पोटगीचा अर्ज होता, तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली. (१ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे.) पाच वर्षांचा मुलगा एसएस, म्हणजे सिकलसेलग्रस्त निघाला आणि नवऱ्याने बायकोला माहेरी आणून सोडले. लेखी उत्तरात त्याने म्हटले की सासरच्यांनी मुलीचे 'खराब रक्त' लपवून लग्न लावले. उलटतपासात मी त्याला एकच विचारले, तुमचा स्वतःचा रक्ताचा रिपोर्ट कुठे आहे? तो नव्हता. मूल एसएस व्हायचे तर एक प्रत आईकडून आणि एक बापाकडून यावी लागते, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. पुढे त्याने तपासणी करून घेतली. एएस, वाहक. प्रकरण आपसात मिटले, पोटगीही ठरली. पण कोर्टाच्या पायऱ्यांवर ती बाई जे बोलली ते वेगळेच होते. "इतके वर्ष मी समजत होती का माह्याच मुळं झालं." पोटगीचा आकडा तिने त्या दिवशी एकदाही काढला नाही.

हिशेब सोपा आहे आणि प्रत्येक विहारात तो सांगता येतो. वाहक हा रुग्ण नसतो. वाहक आणि पूर्ण निरोगी व्यक्ती यांचे लग्न झाले तर मूल एसएस होत नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणजे वाहक मुलीला नाकारण्याचे कारणच नाही, दोन्ही बाजूंची तपासणी लग्नाआधी झाली पाहिजे इतकेच. पण आपल्याकडे तपासतात ती मुलगी. मुलाचे रक्त तपासा म्हटले की बापाच्या मिशीला पीळ पडतो.

आता कायद्याचे. १९९५ च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस झाले आणि त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आले. ('दिव्यांग' या शब्दाविषयी माझे मत वाचकांनी ओळखले असेलच. देवाची लेकरे म्हणून गौरवायचे आणि हक्काच्या वेळी दार लावून घ्यायचे, हा अनुभव आपल्याला 'हरिजन' शब्दापासून आहे.) चाळीस टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र असेल तर कलम ३२ प्रमाणे उच्च शिक्षणात किमान पाच टक्के राखीव जागांत सिकलसेलग्रस्त विद्यार्थ्याचा हक्क लागतो. राज्यात संजय गांधी निराधार योजना आहे, एस.टी.ची प्रवास सवलत आहे. वारंवार रक्त लागणाऱ्यांना ते मोफत मिळाले पाहिजे. हे सगळे मागून घ्यायचे आहे, आणि मागायला कागद लागतात. कागद कसे करायचे हे सांगणारा माणूस वॉर्डात केळी घेऊन येणाऱ्यांपेक्षा कितीतरी उपयोगाचा.

याच कायद्याचे कलम ९२ पाहा. अपंग व्यक्तीला सार्वजनिक दृष्टीस पडेल अशा ठिकाणी अपमानित करण्याच्या हेतूने हेतुपुरस्सर पाणउतारा केला किंवा धमकावले तर सहा महिने ते पाच वर्षे कैद आणि दंड. ही शब्दरचना आपल्या ओळखीची आहे, अॅट्रॉसिटी कायद्यातल्या कलम ३ सारखीच. फरक असा की इथे अपमान करणारा कोणत्या जातीचा हे पाहिले जात नाही. आपला माणूसही सुटत नाही. आणि आजाऱ्याचा फोटो त्याला न विचारता छापणाऱ्यांनी २०१७ चा नऊ न्यायमूर्तींचा खाजगीपणाच्या हक्कावरचा निकाल वाचून ठेवावा. मी तो आपल्याच मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवला तेव्हा फारसे कोणाला आवडले नाही.

उणीव आहे ती कलम ३४ मध्ये. सरकारी नोकरीतल्या चार टक्के आरक्षणाच्या यादीत अंध, कर्णबधिर, हालचालीचे अपंगत्व, स्वमग्नता, मानसिक आजार वगैरे आहेत, रक्ताचे आजार नाहीत. म्हणजे शिकायला जागा राखीव आणि शिकून झाल्यावर नोकरीत नाही. शेतमजुरी, वीटभट्टी, बांधकाम ही कामे ज्या शरीराला झेपत नाहीत त्याला टेबलावरची नोकरी हाच आधार. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून केंद्राने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम जाहीर केली, २०४७ पर्यंत आजार संपवायचा म्हणून. तिचा भर आदिवासी भागांवर आहे आणि तो असायलाच हवा. पण पूर्व विदर्भातल्या बौद्ध वस्त्या त्या नकाशात कुठे बसतात, हे विचारणारे निवेदन आपल्या किती संघटनांनी दिले? कलम ३४ साठी किती मोर्चे निघाले?

असे काम कोणी केलेच नाही असे मात्र नाही. नागपूरच्या संपत रामटेके यांनी सिकलसेल सोसायटी उभी केली. ते दाते नव्हते, ज्या घरात हा आजार आला त्या घरातले बाप होते. रुग्ण आणि पालक एकत्र आणणे, तपासणी, सरकारकडे पाठपुरावा, अपंगत्वाच्या कायद्यात समावेशाची मागणी, असे ते काम. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच यादीत 'अस्मितादर्श'चे गंगाधर पानतावणे सर होते. आपण पानतावणे सरांविषयी भरभरून लिहिले, ते योग्यच. रामटेक्यांविषयी किती लिहिले?

आमच्या वस्तीतल्या विहारात आता महिन्यातून एक रविवार सिकलसेलच्या घरांसाठी असतो. तो आमच्या मंडळाने सुरू केलेला नाही. चार आयांनी केला, आणि त्यांच्याबरोबर त्या वॉर्डातल्या मुलीने. ती आता बी.कॉम. झाली आहे. प्रमाणपत्राचे अर्ज तीच भरून देते. गेल्या वधू-वर परिचय मेळाव्यात दाराशी तपासणीचे टेबल लावू द्या म्हणून तिने आयोजकांकडे तीन खेटे घातले. लोक पळतील, असे त्यांचे म्हणणे होते. शेवटी परवानगी मिळाली. तिने माइक घेऊन सांगितले, मी एसएस आहे, मला जे विचारायचे ते विचारा. दोन कुटुंबे उठून गेली. बाकीच्यांनी विचारले. काही प्रश्न वेडेवाकडे होते, तिने त्यांचीही उत्तरे दिली. तिच्या बहिणीचे लग्न पुढे दुसरीकडे झाले, पण तो फोटो घरात अजून कोणी विसरलेले नाही आणि मीही त्यांच्याकडे जाताना अजून चाचरतो.

यंदाच्या जयंतीच्या बैठकीत मी ठराव मांडला आहे. फळवाटप रद्द, त्या पैशात विहारात तपासणी आणि अर्ज भरण्याचे शिबिर, आणि शिबिराचे निमंत्रक आमचे पदाधिकारी नसून ती मुलगी आणि त्या चार आया. शिवाय कलम ३४ मध्ये रक्ताच्या आजारांचा समावेश व्हावा म्हणून सह्यांचे निवेदन. फोटोच्या मुद्द्यावर बैठक अडली. खजिनदार म्हणतात, फोटो नाही तर वर्गणी कोण देईल. पुढची बैठक रविवारी रात्री नऊला विहारात आहे. त्या चौघींना आणि त्या मुलीला मी बोलावले आहे. खजिनदारांनी तो प्रश्न त्यांच्यासमोर विचारावा.