मंद जनुक म्हणजे बिघडलेले जनुक नव्हे

विषारी द्रव्ये निकामी करणारी विकरे जितकी वेगवान तितके आरोग्य उत्तम, आणि ज्याची मंद त्याच्या जनुकांतच खोट, असा समज ‘डिटॉक्स’च्या जाहिरातींनी घट्ट केला आहे. यकृतातल्या नॅट-२ या विकरापुढे तो टिकत नाही. नॅट कुळातली माणसाची दोन कार्यरत जनुके, नॅट-१ आणि नॅट-२, आठव्या गुणसूत्रावर आहेत. नॅट-२ काही रसायनांना ॲसिटिल गट जोडते. त्यातून रसायन निरुपद्रवी होईल की घातक, हे त्या रसायनावर ठरते. तंबाखूच्या धुरातली काही ॲरोमॅटिक अमाइन्स या जोडणीने निष्प्रभ होतात, म्हणून मंद नॅट-२ असलेल्या धूम्रपान करणाऱ्यांना मूत्राशयाच्या कर्करोगाचा धोका जास्त असतो. पण दुसऱ्या विकराने त्याच अमाइन्सचे आधी ऑक्सिडीकरण केले असेल, तर नॅटची जोडणी त्यांना डीएनएला चिकटणारे रूप देऊ शकते.

क्षयरोगावर 1952पासून वापरात आलेल्या आयसोनियाझिडने मंद आणि वेगवान नॅट-२मधला फरक पहिल्यांदा ठळकपणे दाखवला. मंद नॅट-२ असलेल्या व्यक्तीच्या रक्तात हे औषध जास्त वेळ टिकते. हातापायांना मुंग्या येण्याचा, यकृताला इजा होण्याचा धोका वाढतो. मुंग्या टाळायला डॉक्टर ब-६ जीवनसत्त्व देतात. मग मंद जनुक वाईटच ना? तसे नाही. वेगवान व्यक्तीत औषध लवकर निघून जाते आणि उपचार कमी पडू शकतो. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या जपानी चाचणीत जनुकानुसार मात्रा ठरवल्यावर मंद रुग्णांत यकृताची इजा आणि वेगवान रुग्णांत सुरुवातीचे अपयश, दोन्ही घटले.

मंदपणा निव्वळ तोट्याचा असता तर उत्क्रांतीने तो पुसून टाकला असता. मात्र जपानमध्ये मंद लोक सुमारे 10 टक्के, तर भारतात आणि युरोपात निम्म्याच्या आसपास किंवा अधिक आहेत. शिकार-संकलनावर जगणाऱ्या समाजांपेक्षा शेती व पशुपालन करणाऱ्यांत मंद रूपे जास्त आढळतात. आहार बदलल्यावर निसर्गनिवडीने त्यांना साथ दिली असावी, असे अनेक संशोधक मानतात. कारण अजून वादात असले तरी इतके प्रमाण निव्वळ ‘बिघाडा’चे असण्याची शक्यता कमी वाटते. आयसोनियाझिडमुळे होणारा तोटा तर उत्क्रांतीच्या मानाने कालचा. शिवाय कोणत्याही रसाने किंवा काढ्याने हे जनुक बदलत नाही. म्हणून ‘माझे जनुक चांगले की वाईट’ यापेक्षा ‘कोणते औषध, किती मात्रेत’ हा प्रश्न डॉक्टरांना विचारणे रुग्णाच्या खऱ्या हिताचे आहे.