मोजलेले फटके

घोड्यांच्या शर्यतीत जॉकीवर, म्हणजे व्यावसायिक घोडेस्वारावर, एकाच वेळी दोन नियमांचा अंमल चालतो आणि हे दोन्ही नियम त्याच्या हातातल्या चाबकापाशी येऊन एकमेकांना भिडतात. पहिला नियम असा की, घोड्याला जो काही उत्तमात उत्तम क्रमांक मिळण्यासारखा असेल तो मिळवून देण्यासाठी त्याने शेवटच्या खांबापर्यंत कसोशीने प्रयत्न केला पाहिजे. तो केला नाही, रेसच्या बोलीत सांगायचे तर घोडा 'खेचला', तर त्याचा परवाना धोक्यात येतो, कारण ज्या खेळावर लोकांचे पैसे लागलेले असतात त्या खेळात अपुरा प्रयत्न हा लबाडीचाच प्रकार ठरतो. दुसरा नियम असा की, हा प्रयत्न करताना त्याने चाबूक ठरावीक मर्यादेपलीकडे उगारता कामा नये. अडचण अशी की, प्रेक्षकसज्जातून दुर्बिणीने पाहणाऱ्याला प्रयत्नाचा जो सर्वांत ठळक पुरावा दिसतो तोही चाबूकच असतो. मराठीने विधिमंडळातील पक्षशिस्तीच्या अधिकाऱ्यासाठी 'प्रतोद' हा शब्द निवडला, त्याचाही मूळ अर्थ जनावर हाकण्याची काठी असाच आहे. शिस्त लावणारे साधन आणि शिस्तीचा विषय असलेले साधन एकच असणे ही गोष्ट भाषेला तरी नवी नाही.

हे साधन आज ब्रिटनमध्ये ज्या रूपात वापरले जाते ते जुन्या काळच्या चामडी चाबकाहून पुष्कळच वेगळे आहे. सुमारे ७० सेंटिमीटर लांबीची ही छडी असून तिच्या टोकाकडच्या भागावर फोमची गादी असते, जेणेकरून फटक्याचा जोर विखुरला जावा आणि घोड्याच्या अंगावर वळ उठू नयेत. फटका घोड्याच्या पुठ्ठ्यावर, म्हणजे मागच्या मांसल भागावर मारायचा. कुशीवर मारणे, हात खांद्याच्या वर नेऊन मारणे, एका फटक्याला प्रतिसाद द्यायला वेळ न देता दुसरा मारणे, घोडा स्पर्धेतून बाद झाल्याचे उघड दिसत असताना किंवा विजयाचा खांब ओलांडल्यावर मारणे, हे सारे स्वतंत्र गुन्हे आहेत. दोन्ही हात लगामावर ठेवून छडी घोड्याच्या खांद्यावर नुसती टेकवली किंवा त्याला सरळ रेषेत ठेवण्यासाठी तिचा वापर केला, तर तो मात्र मोजणीत धरला जात नाही. म्हणजे या नियमावलीत मारण्याचे ठिकाण, पद्धत, वेळ आणि हेतू यांचा विचार आहे. तरीही गेल्या पंधरा वर्षांतला सगळा वाद संख्येवर येऊन थांबला, कारण चित्रफीत मागे-पुढे करून जे निर्विवादपणे सिद्ध करता येते ते फटक्यांची संख्या एवढेच.

संख्या मोजली जाण्यापूर्वीच्या काळात चाबकाबद्दलची नापसंती आणि विजेत्याबद्दलचे कौतुक सुखाने शेजारी नांदत. १९७२ च्या एप्सम डर्बीत लेस्टर पिगट याने रॉबर्टो या घोड्याला शेवटच्या टप्प्यात ज्या कठोरपणे हाकले आणि ऱ्हाइनगोल्डला अगदी नाकाएवढ्या अंतराने मागे टाकले, त्याची चर्चा पुढे अनेक वर्षे चालली, पण चाबकापायी निकालाला धक्का लागण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे शिक्षा आल्या, तरी त्यांचे स्वरूप कसे होते ते १९९६ च्या 'टू थाउजंड गिनीज' शर्यतीवरून कळते. न्यूमार्केटच्या त्या शर्यतीत मार्क ऑफ एस्टीम, ईव्हन टॉप आणि बिजू दँद हे तीन घोडे जवळजवळ एका ओळीत खांबापाशी पोचले, आणि तिन्ही जॉकींना चाबकाच्या गैरवापराबद्दल निलंबनाची शिक्षा झाली. फ्रँकी डेटोरीचा मार्क ऑफ एस्टीम मात्र विजेता होता तो विजेताच राहिला. ज्या शर्यतीत पहिले तिघेही दोषी ठरतात तिथे दोष माणसांचा कमी आणि हिशेबाचा अधिक असतो, हे खरे तर तेव्हाच लक्षात यायला हवे होते.

हा हिशेब साधा आहे. जॉकीला प्रत्येक शर्यतीची फी मिळते आणि बक्षिसाच्या रकमेतला ठरावीक हिस्सा मिळतो. परंतु बक्षिसाचा मोठा वाटा मालकाचा असतो, प्रतिष्ठा प्रशिक्षकाची वाढते आणि विजयी घोड्याचे मोल पैदाशीच्या बाजारात कित्येक पटींनी चढते. जॉकीला काही दिवस घरी बसवले, तर यांपैकी कोणाचेही काहीच जात नाही. उलट नियमाच्या आत राहून नाकाएवढ्या अंतराने हरलेल्या जॉकीला पुढच्या मोठ्या शर्यतीत तोच मालक घोडा देईल याची खात्री नसते. शिक्षा एकाने भोगायची आणि लाभ दुसऱ्यांनी घ्यायचा, अशी वाटणी असली की शिक्षेचे रूपांतर धंद्यातल्या खर्चात होते.

या खर्चाचा जाहीर बोभाटा झाला तो ९ एप्रिल २०११ रोजी लिव्हरपूलजवळच्या एन्ट्री येथील 'ग्रँड नॅशनल'मध्ये. तेव्हा साडेचार मैलांची असलेली ही तीस अडथळ्यांची शर्यत एरवी रेसकडे न फिरकणारे लाखो लोकही दूरचित्रवाणीवर पाहतात. त्या वर्षी चाळीस घोडे धावले, दोन घोडे मरण पावले आणि पडलेल्या घोड्यांमुळे काही अडथळे वळसा घालून टाळावे लागले. हवाही असाधारण उष्ण होती. विजेता बॅलाब्रिग्ज इतका दमला होता की जॉकी जेसन मॅग्वायर याने लगेच खाली उतरून खोगीर काढले आणि घोड्यावर बादल्यांनी पाणी ओतले गेले. त्याच मॅग्वायरला चाबकाच्या अतिवापराबद्दल पाच दिवसांचे निलंबन झाल्याचे लोकांना कळले, तेव्हा धापा टाकणारा घोडा आणि पाच दिवसांची रजा या दोन गोष्टींचा मेळ त्यांना घालता येईना. ब्रिटनमधील शर्यतींचे नियमन करणाऱ्या ब्रिटिश हॉर्सरेसिंग ऑथॉरिटीने चाबकाच्या वापराचा आढावा घेऊन १० ऑक्टोबर २०११ पासून नवे नियम लागू केले: सपाट मैदानावर सात फटके, अडथळ्यांच्या शर्यतीत आठ, आणि त्यांपैकी शेवटच्या फर्लांगात, किंवा शेवटच्या अडथळ्यानंतर, पाचांहून अधिक नाहीत. मर्यादा ओलांडली तर निलंबनाबरोबरच फी आणि बक्षिसातला हिस्साही जाणार होता.

नियमाला आठवडा होण्याआधीच त्याची परीक्षा झाली. १५ ऑक्टोबरला ॲस्कट येथे 'चॅम्पियन स्टेक्स' ही तेरा लाख पौंडांची शर्यत होती आणि तीत बेल्जियन जॉकी क्रिस्तोफ सुमियाँ याने सिरस देझेगल या फ्रान्समध्ये तयार झालेल्या घोड्यावर बसून सो यू थिंक या घोड्याला घोड्याच्या पाऊण लांबीच्या अंतराने हरवले. शेवटच्या फर्लांगात त्याचे सहा फटके मोजले गेले, म्हणजे एक जास्त. फर्लांग म्हणजे सुमारे २०० मीटर, आणि भरधाव घोडा ते अंतर बारा सेकंदांच्या आसपास कापतो. तेवढ्या अवधीत लगाम आवळून धरायचा, शेजारच्या घोड्याकडे लक्ष ठेवायचे, छडी उगारायची आणि शिवाय फर्लांगाचा खांब नेमका कोणत्या क्षणी मागे पडला हे ध्यानात ठेवून तिथून पुढची मोजणी वेगळी धरायची, अशी त्या नियमाची अपेक्षा होती. त्या एका फटक्यापायी सुमियाँला पाच दिवसांचे निलंबन झाले आणि पन्नास हजारांहून अधिक पौंडांच्या हिश्शावर गदा आली. घोड्याचा विजय आणि मालकाचे बक्षीस मात्र अबाधित राहिले. रिचर्ड ह्यूज या मान्यवर जॉकीला नव्या नियमाखाली पहिल्याच आठवड्यात दोनदा शिक्षा झाली, तेव्हा त्याने आपला परवानाच परत केला, आणि जॉकींच्या संपाची भाषा सुरू झाली. शेवटच्या फर्लांगाची स्वतंत्र मर्यादा काही दिवसांतच मागे घ्यावी लागली. पुढच्या वर्षी तर एकूण संख्येचा अर्थही सैल करण्यात आला: मर्यादा ओलांडणे म्हणजे आपोआप गुन्हा नव्हे, स्टुअर्डांनी, म्हणजे शर्यतीच्या पंचांनी, ती सवारी तपासून पाहण्याचे ते निमित्त. ह्यूज परतला आणि २०१२ पासून सलग तीन वर्षे ब्रिटनचा अव्वल जॉकी ठरला.

या माघारीला नियामकांचा भित्रेपणा म्हणणे सोपे आहे, पण ते अर्धेच खरे ठरेल. नियम चुकीच्या जागी कडक होता. त्याने जॉकीच्या खिशात हात घातला आणि निकालाला हात लावला नाही.

दरम्यान चाबकाच्या उपयुक्ततेविषयी जे गृहीत धरले जात होते त्यालाच शास्त्रज्ञांनी हात घातला होता. सिडनी विद्यापीठातील डेव्हिड इव्हान्स आणि पॉल मॅक्ग्रीव्ही यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ऑस्ट्रेलियातील शर्यतींचे दर २०० मीटरचे वेग तपासले, तेव्हा घोडे सर्वाधिक वेगाने धावले ते खांबापासून ६०० ते ४०० मीटरच्या टप्प्यात, जिथे चाबूक चालतच नव्हता; तो सर्वाधिक चालला शेवटच्या दोन टप्प्यांत, जिथे घोडे दमलेले होते. पाहणीतल्या शर्यती थोड्याच होत्या, त्यामुळे एवढ्यावरून चाबूक निरुपयोगी ठरत नाही, परंतु सिद्ध करण्याची जबाबदारी कोणाची हा प्रश्न त्यामुळे उलटा झाला. लिडिया टाँग आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये घोड्याच्या व माणसाच्या त्वचेचे सूक्ष्मदर्शकाखाली तुलनात्मक परीक्षण केले आणि वेदना जाणणाऱ्या मज्जातंतूंच्या संख्येत किंवा त्वचेच्या बाहेरच्या थराच्या जाडीत लक्षणीय फरक आढळला नाही. 'घोड्याचे कातडे जाड, त्याला काही लागत नाही' या तबेल्यातल्या समजुतीला त्याने छेद गेला. चाबकाशिवाय घोडा सरळ धावणार नाही, अपघात होतील, हा सुरक्षिततेचा दावा तपासायला ब्रिटनमध्येच सोय होती. तिथे शिकाऊ जॉकींसाठी अशा शर्यती होतात ज्यांत छडी हातात असते, पण घोड्याला पळवण्यासाठी हात आणि टाचा यांचाच उपयोग करायचा असतो. अशा शर्यती आणि नेहमीच्या शर्यती मिळून १२६ शर्यतींची तुलना २०२० मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा घोड्यांचे भरकटणे, एकमेकांना होणारा अडथळा किंवा लागलेला वेळ यांपैकी कशातही अर्थपूर्ण फरक दिसला नाही.

इतर देशांनी आपापल्या परीने कात्री लावली. नॉर्वेने घोड्याला पळवण्यासाठी चाबूक वापरणे १९८२ मध्येच बंद केले, फ्रान्सने मर्यादा टप्प्याटप्प्याने उतरवत २०२३ मध्ये चारवर आणली. ऑस्ट्रेलियाचा नियम चमत्कारिक म्हणावा असा आहे: शेवटचे १०० मीटर उरेपर्यंत पाच फटके, आणि त्यापुढे, म्हणजे घोडा सर्वांत थकलेला असतो तिथे, जॉकीचा विवेक. अमेरिकेत २०१५ च्या केंटकी डर्बीत व्हिक्टर एस्पिनोझाने अमेरिकन फेरोला ३२ वेळा चाबूक मारल्याचे मोजले गेले आणि त्यात नियमभंग निघाला नाही. आज तिथल्या नव्या राष्ट्रीय नियमानुसार सहा फटक्यांची मर्यादा आहे आणि लागोपाठ दोन फटक्यांनंतर प्रतिसादासाठी थांबावे लागते.

ब्रिटनने अखेर २०२३ मध्ये निकालाला हात लावला. आदल्या वर्षीच्या अहवालात फटका फक्त उलट्या हाताने मारावा अशी शिफारस होती, कारण त्यात हात फारसा उचलता येत नाही. ती जॉकींच्या विरोधामुळे गळाली आणि बदल्यात मर्यादा एकेकाने घटून सहा आणि सात झाली. मोठ्या शर्यतींत शिक्षेचे दिवस दुप्पट झाले, नियमभंगाचा संशय असलेल्या सवाऱ्या तपासण्यासाठी स्वतंत्र समिती बसू लागली, आणि मर्यादेपेक्षा चार किंवा अधिक फटके मारले गेल्यास घोडाच बाद ठरू लागला. बक्षीस हातचे जाऊ शकते म्हटल्यावर मालक आणि प्रशिक्षक यांनाही आपल्या जॉकीच्या हाताकडे पाहणे भाग पडले. एक पळवाट तेवढी राहिली, आणि ती मुद्दाम ठेवलेली आहे: शर्यतीनंतर जॉकींची वजने होऊन निकाल जाहीर झाला की बुकी पैसे देऊन मोकळे होतात, तर समितीचा निर्णय काही दिवसांनी येतो. त्यामुळे बाद ठरलेल्या घोड्यावर लावलेला पैसा जिंकलेलाच राहतो, आणि दुसऱ्या आलेल्या, म्हणजे कागदोपत्री आता पहिल्या असलेल्या, घोड्यावर लावणाऱ्याला काहीच मिळत नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे दोन तुकडे पडलेले दिसतात. १८८३ पासून शर्यती पाहणारे महालक्ष्मीचे मैदान आणि पुण्याचे रेसकोर्स स्टुअर्ड, चौकशी आणि निलंबन या ब्रिटिश घडणीच्या व्यवस्थेवर चालतात, आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा जुगार नसून कौशल्याचा खेळ आहे असे ठरवले, तेव्हा जॉकीचे कसब हा त्या कौशल्याचा एक भाग मानला गेला. दुसरीकडे, बैलगाडा शर्यतींना २०२१ मध्ये न्यायालयाची परवानगी मिळाली आणि २०२३ मध्ये घटनापीठाने त्यांचा कायदा वैध ठरवला, तो राज्याच्या ज्या नियमांच्या आधारे, त्यांत बैलांना काठी, चाबूक किंवा विजेचा धक्का देणारे साधन लावायलाच मनाई आहे. तिथे सहा की सात असा प्रश्नच येत नाही. म्हणजे एकाच राज्यात घाटावरच्या गाडामालकाकडून कायदा रिकाम्या हाताची अपेक्षा करतो, आणि महालक्ष्मीच्या जॉकीच्या हातात छडी असणे गृहीत धरतो. दोन्ही जनावरांवर छत्र मात्र प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याचेच आहे. त्याच्या अकराव्या कलमात जनावराला मारण्याबरोबरच त्याच्यावर बसून त्याला शक्तीबाहेर दौडवणे हाही गुन्हा सांगितला आहे, आणि पहिल्या गुन्ह्याला दंड आहे किमान दहा रुपये, कमाल पन्नास.