केबलचे टोक

छपरावरच्या डिशपासून घरातल्या टीव्हीपर्यंत उतरणारी केबल आपण सगळेच पाहतो. तिच्या टोकाकडे मात्र कोणी पाहत नाही. पाऊस आला की चित्र थिजते आणि बोल बसतो तो केबल ओढणाऱ्या पोरावर. इथे कर्जतला (आमचे कर्जत नगरकडचे, रायगडातले नव्हे) आमच्या संघटनेतील एका पोराची दोन दिवसांची मजुरी अशीच कापली गेली. त्याची बाजू मांडावयाची तर केबलचे शास्त्र समजून घेणे भाग होते. मी सातवीत शाळा सोडलेला माणूस. पण १८८० साली इंग्लंडात या केबलचे पेटंट घेणारा ऑलिव्हर हेविसाइड हाही सोळाव्या वर्षी शाळा सोडून पुढे तारयंत्रावर नोकरी केलेला गृहस्थ होता, हे वाचून धीर आला.

केबलच्या मध्ये तांब्याचा गाभा, भोवती पांढरे फेसाळ प्लॅस्टिक, त्यावर धातूची जाळी, वर वेष्टन. संदेश गाभा आणि जाळी यांच्या मधल्या जागेतून जातो. ते अंतर शेवटपर्यंत सारखे राहावे लागते. त्यावरून केबलचा संरोध ठरतो: टीव्हीच्या केबलचा ७५ ओहम, वायरलेसच्या केबलचा बहुधा ५०. कुकडीच्या कालव्यात दार एकदम पाडले की लाट उलटी फिरते ना, तसेच येथे होते. ७५ ला ५० जोडले तर शंभरातील चार भाग शक्ती माघारी येते. मोकळ्या टोकावरून सगळीच. म्हणून केबल टीव्हीच्या स्प्लिटरचे रिकामे तोंड ७५ ओहमच्या टोपीने बंद करावयाचे.

आता कनेक्टर. टीव्हीला लागतो तो एफ-कनेक्टर. त्याला निराळी सुई नसते, गाभाच सुई होतो. आरजी-६ केबलला आरजी-६ चाच कनेक्टर घ्यावा. तो आरजी-५९ वर ढिला बसतो, कारण ती केबल बारीक. जाळी मागे दुमडावी, तिचा एक केसही गाभ्याला टेकता कामा नये. फेसाळ प्लॅस्टिक कनेक्टरच्या आतल्या तळाशी बरोबर यावे, गाभा तोंडाबाहेर सुमारे ३ मिलिमीटर राहावा. दुकानातल्या कॅमेऱ्यांच्या केबलला बीएनसी. तो पाव वळशात अडकतो.

हाताने पिळून बसवावयाचा कनेक्टर स्वस्त पडतो. घरात तो एक वेळ चालेल, छपरावर मुळीच नाही. तेथे हत्याराने दाबून बसवलेला, पाणी न शिरणाराच हवा. कारण डिशच्या केबलमधून १३ किंवा १८ व्होल्टची वीजही वर जात असते. सांध्यात पाणी शिरले की त्या विजेने तांबे हिरवे पडून झिजते. घरात घेण्याआधी केबलला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तेथेच ठिबकून जाते.

त्या पोराचा सांधा आम्ही मालकासमोर कापला. आत सगळे हिरवे, आणि कनेक्टर पिळावयाचा. दाबावयाचे हत्यार त्याला दिलेलेच नव्हते. शिवाय पैसे घरागणिक, तेव्हा निगुतीने सांधा करणाऱ्याची घरे कमी भरणार. कापलेली मजुरी परत मिळाली. हत्यार मात्र तिघांत मिळून एकच आले, आणि सकाळी ते कोणी न्यावयाचे यावर अजून रोज कटकट होते.