सी.आय.डी.ची प्रयोगशाळा आणि आपले घर

मधल्या सुट्टीत शाळेच्या मैदानावर मुले आजही 'सी.आय.डी.' खेळतात. एक जण एसीपी प्रद्युम्न होतो, अंगाने दणकट असलेला दया होतो, आणि वर्गातल्या चष्मेवाल्या मुलाला हमखास डॉक्टर साळुंखे व्हावे लागते. ज्यांचा जन्मही झाला नव्हता तेव्हा सुरू झालेली मालिका या मुलांना तोंडपाठ आहे. २१ जानेवारी १९९८ रोजी ती सुरू झाली, ऑक्टोबर २०१८ पर्यंत चालली आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा परतली.

या मालिकेचे मूळ मराठीत आहे, हे फार जणांना ठाऊक नसते. बी. पी. सिंग यांनी तिच्या आधी मुंबई दूरदर्शनसाठी 'एक शून्य शून्य' ही पोलीस तपासाची मराठी मालिका केली होती. शिवाजी साटम तिच्यात होते. हे नाव पोलिसांच्या १०० या दूरध्वनी क्रमांकावरून घेतलेले. त्या मालिकेला सी.आय.डी.एवढे आयुष्य लाभले नाही. पण पुढे घराघरात पोहोचलेल्या या जोडीचा पाया तिथे घातला गेला.

सी.आय.डी.ने एक मोठे काम केले. गुन्हा फक्त मारहाणीने किंवा कबुलीजबाबाने उलगडत नाही, त्याला विज्ञान लागते, ही गोष्ट तिने खेड्यापाड्यात पोहोचवली. नरेंद्र गुप्ता यांनी रंगवलेले डॉक्टर साळुंखे हे अनेकांनी पाहिलेले पहिले 'फॉरेन्सिक तज्ज्ञ'. पण त्याच मालिकेने एक गैरसमजही पेरला. परीक्षानळीत दोन थेंब टाकले, रंग बदलला, विषाचे नाव कळले आणि जाहिरातींच्या आत खुनी सापडला! अमेरिकेत २००० साली 'सी.एस.आय.' ही अशीच मालिका सुरू झाली. तिच्यामुळे न्यायालयातले ज्युरी प्रत्येक खटल्यात डीएनएचा पुरावा मागू लागले, अशी तक्रार तिकडचे वकील करू लागले आणि या प्रकाराला मालिकेचेच नाव पडले. आपल्याकडे ज्युरी नाहीत. आपल्याकडचे नुकसान निराळे आहे आणि ते आपल्या घरात होते.

खरी प्रयोगशाळा

महाराष्ट्रात या कामासाठी न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहेत. मुख्य प्रयोगशाळा मुंबईत कलिना येथे असून ती १९५८ पासून काम करते. मराठवाड्यात औरंगाबाद (छत्रपती संभाजीनगर) आणि नांदेड येथे प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत.

'व्हिसेरा राखून ठेवला' हे वाक्य आपण वर्तमानपत्रात नेहमी वाचतो. त्याचा अर्थ असा : विषबाधेचा संशय असेल तर शवविच्छेदन करणारे डॉक्टर जठर व त्यातले अन्न, आतड्याचा भाग, यकृत, मूत्रपिंड यांचे तुकडे बहुधा मिठाच्या संपृक्त पाण्यात ठेवून बाटल्या मोहोरबंद करतात. पोलीस त्या पत्रासह प्रयोगशाळेत पोहोचवतात. तिथे आधी मोहोर शाबूत आहे का ते पाहतात, मग नोंद होते आणि प्रकरणाचा नंबर आल्यावर तपासणी होते. मिनिटांचा नव्हे, आठवड्यांचा आणि कधी महिन्यांचा हा मामला आहे. मोहोर तुटलेली असेल किंवा मुद्देमाल मधल्या काळात कोणाकडे होता याची नोंद नसेल, तर न्यायालयात त्या पुराव्यावर प्रश्न उभा राहतो आणि तो राहायलाच हवा.

एवढे होऊनही अहवाल म्हणजे निकाल नव्हे. कायद्याच्या भाषेत ते तज्ज्ञाचे मत. पोटात कीटकनाशक सापडले हे प्रयोगशाळा सांगेल. ते स्वतः प्यायले, चुकून गेले की कोणी पाजले, हे बाटली सांगत नाही. ते घटनास्थळ, कपडे आणि साक्षीदार सांगतात. म्हणूनच पहिल्या काही तासांत घरच्यांच्या हातून काय घडते, याला महत्त्व आहे.

पहिले काही तास

आमचा देवगाव फाट्याचा परिसर कापूस आणि सोयाबीनचा. फवारणीचे औषध घराघरात असते. एखाद्या घरी तरुण सून अचानक जाते. उलटी पुसली जाते, भांडी घासली जातात, कपडे भिजत पडतात. मय्यत लवकर दफन करावी ही आपली रीत. त्यामुळे वडीलधारे म्हणतात, "पोस्टमॉर्टम नको, मातीची विटंबना नको." भावना समजण्यासारखी आहे. परंतु संशयास्पद मृत्यूत गुस्लचे पाणी आणि घाईची कबर यांच्याबरोबर सत्यही वाहून जाते, गाडले जाते. तिच्या आईवडिलांना न्याय मिळत नाही. आणि सासरचे निर्दोष असतील तर त्यांनाही आयुष्यभर डाग पुसता येत नाही.

कायद्याचेही हेच म्हणणे आहे. लग्नानंतर ७ वर्षांच्या आत स्त्रीने आत्महत्या केली किंवा तिच्या मृत्यूबद्दल रास्त संशय असला तर पोलिसांनी शवविच्छेदन करवून घेणे बंधनकारक आहे. आज टाळले तरी उद्या दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने कबर उघडावी लागू शकते. त्याहून मोठी विटंबना कोणती? शवविच्छेदन दिवसाउजेडी लवकर व्हावे अशी विनंती जरूर करावी. पण ते टाळू नये.

जिवंत माणसाच्या बाबतीत तर हे आणखी महत्त्वाचे. एखाद्या मुलीवर अत्याचार झाला की घरची पहिली हाक असते, "आधी आंघोळ कर, कपडे धू." त्या पाण्याबरोबर पुरावा जातो. कपडे न धुता, ओले असतील तर सावलीत वाळवून, कागदी पिशवीत ठेवावेत. प्लास्टिकमध्ये ओल धरते, बुरशी येते आणि डीएनए खराब होतो. मुलीला थेट दवाखान्यात न्यावे. सरकारी असो वा खाजगी, अत्याचारग्रस्त स्त्रीवर मोफत उपचार करणे दवाखान्यावर बंधनकारक आहे. तपासणी तिच्या संमतीनेच होते. फिर्याद कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही. 'दोन बोटांची चाचणी' सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा एकदा निषिद्ध ठरवली, हेही आपल्या मुलींच्या आईला माहीत असावे.

विज्ञान निर्दोषालाही वाचवते

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ७ वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे अशी तरतूद आहे. ती पूर्ण अमलात आणायला राज्यांना ५ वर्षांपर्यंत मुदत आहे. झडती आणि जप्तीचे चित्रीकरणही आता करावे लागते. याचा धाक फक्त गुन्हेगाराला नाही. खोट्या पंचनाम्यालाही तो आहे.

डीएनए चाचणीचा इतिहास पाहा. इंग्लंडमधील लीस्टरशायर परगण्यात १९८३ आणि १९८६ साली दोन शाळकरी मुलींचे खून झाले. १७ वर्षांच्या एका मुलाने त्यांतल्या एका खुनाची पोलिसांपुढे कबुली दिली होती. ॲलेक जेफ्रीज या शास्त्रज्ञाने नमुने तपासले. दोन्ही खून एकाच माणसाने केले होते आणि तो माणूस हा मुलगा नव्हता! म्हणजे खुनाच्या तपासात डीएनएने आधी निर्दोषाला सोडवले, खरा गुन्हेगार नंतर सापडला. कबुलीजबाबावर किती विसंबावे, याचा हा धडा. मालिकांत सर्रास दिसणारी नार्को चाचणीसुद्धा संमतीशिवाय करता येत नाही, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० च्या निकालात स्पष्ट केले आहे.

या शास्त्रात आपला वाटाही मोठा आहे. १८९७ साली कलकत्त्यात बोटांच्या ठशांचे कार्यालय स्थापन झाले. लाखो ठशांतून हवा तो चटकन कसा शोधायचा, हा तेव्हाचा प्रश्न होता. बंगाल पोलिसांतले काझी अझीझुल हक हे गणिताचे विद्यार्थी. त्यांनी ठशांच्या नमुन्यांवरून गणिती वर्गवारी रचली आणि ३२ गुणिले ३२ म्हणजे १०२४ कप्प्यांत ठसे लावले. सहकारी हेमचंद्र बोस यांचाही या कामात हात होता. पद्धतीला नाव मात्र वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचे मिळाले. १९०१ मध्ये लंडनच्या स्कॉटलंड यार्डने तीच स्वीकारली. खुलन्याच्या एका मुलाचे गणित जगभरच्या पोलीस ठाण्यांत पोहोचले.

आपल्या मुलांना, विशेषतः मुलींना, हे सांगायला हवे. औरंगाबादेत शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहे. बारावी विज्ञाननंतर या विषयाची पदवी घेता येते. दहावीनंतर 'मुलगी आहे, विज्ञान कशाला' म्हणणाऱ्या घरांनी एवढा विचार करावा : अत्याचारग्रस्त मुलीच्या कपड्यांची पिशवी उघडणारे हात एखाद्या शिकलेल्या, जबाबदार स्त्रीचे असावेत, असे आपल्याला वाटत नाही का?

आणि तोवर, अहवाल येण्याआधी कोणाला खुनी ठरवण्याचे काम मोहल्ल्याने करू नये. मालिकेत निकाल तासाभरात लागतो. खऱ्या आयुष्यात थांबावे लागते, आणि त्या थांबण्यात कोणाची तरी अब्रू, कोणाचा तरी जीव सांभाळला जातो.